‘ह्यूमन लीग’ची वाटणी आणि त्यानंतर

‘ह्यूमन लीग’ या ब्रिटिश बँडचं ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ हे गाणं मार्च २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत पहिल्या विसात पुन्हा शिरलं. त्यात बँडचं कर्तृत्व काही नव्हतं. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या फुटबॉलवेड्यांनी त्या चालीवर आपल्या एका खेळाडूचं नाव बसवून गॅलरीत आरोळ्या ठोकल्या होत्या. संघानं लीग कप जिंकला, चाहत्यांनी ठरवून गाणं विकत घेतलं आणि ते १९ व्या क्रमांकावर गेलं. १९८१ मधलं हे गाणं ‘ह्यूमन लीग’ची ओळखही आहे आणि अडचणही. ती अडचण समजून घ्यायची तर १९८० च्या ऑक्टोबरात शेफील्डला जावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. १९७७ मध्ये शेफील्ड या पोलादाच्या गावात कॉम्प्युटर ऑपरेटरची नोकरी करणाऱ्या दोन तरुणांनी सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, घेऊन बँड सुरू केला. गायक म्हणून ज्याला घ्यायचं होतं तो तेव्हा मोकळा नव्हता, म्हणून रुग्णालयात पोर्टरचं काम करणारा शाळूसोबती आला. गाण्याचा अनुभव शून्य, केसांची ठेवण मात्र गावभर माहीत. बँडचं नाव त्यांनी अंतराळयुद्धाच्या एका बैठ्या खेळातून उचललं. पहिली रेकॉर्ड १९७८ ची, ‘बीइंग बॉइल्ड’. त्यात बुद्धाचा दाखला देऊन रेशीमशेती थांबवायला सांगितलं आहे. बौद्ध आणि हिंदू यांची त्यात झालेली सरमिसळ आपल्याकडच्या श्रोत्याच्या लगेच लक्षात येते. मंचावर पडद्यावर स्लाइड दाखवणारा माणूसही बँडचा पूर्ण सभासद होता. १९७९ आणि १९८० मध्ये दोन अल्बम आले. जाणकारांनी पाठ थोपटली, दुकानात माल पडून राहिला. त्याच सुमारास लंडनच्या एका नवख्यानं सिंथेसायझर वाजवत पहिला क्रमांक गाठला होता, हे मूळ दोघांना फार लागलं असणार.

आणि मग वाटणी झाली. युरोपचा दौरा तोंडावर असताना चौघांचे दोन-दोन झाले. एका बाजूला संगीत रचणारे आणि यंत्रं हाताळणारे दोघे, दुसऱ्या बाजूला गायक आणि स्लाइडवाला. नाव दुसऱ्या बाजूकडे गेलं. त्याबरोबर दौऱ्याची जबाबदारी आणि देणंही गेलं. दोघांना काय मिळालं, तर ‘ह्यूमन लीग’च्या पुढच्या अल्बमच्या रॉयल्टीतला एक टक्का.

आपल्याकडे नाटक मंडळ्या फुटण्याची परंपरा जुनी आहे. १९१३ मध्ये ‘किर्लोस्कर’मधून ‘गंधर्व’ वेगळी झाली, तेव्हा निघणारा नट प्रेक्षक सोबत घेऊन निघाला आणि नाव मागे राहिलं. इथे उलट झालं. ज्यांनी आवाज घडवला ते बाहेर पडले आणि नाव राहिलं ज्यांना वाजवता येत नव्हतं त्यांच्याकडे.

ते बाहेर ‘पडले’ की त्यांना बाहेर ‘काढलं’, यावर अजून एकमत नाही. गायक आणि त्या दोघांपैकी एक यांच्यात खटके उडत होते, हे कोणीच नाकारत नाही. एकाला लोकप्रिय गाणी हवी होती, दुसऱ्याला प्रयोग, असं सांगण्याची पद्धत आहे, पण ती फारशी पटत नाही. कारण याच प्रयोगवाल्यांनी १९७९ मध्ये टोपणनावानं सरळसरळ डिस्को सिंगल, म्हणजे एका गाण्याची रेकॉर्ड, काढून पाहिलं होतं, आणि पुढे त्यांनी जे काढलं तेही नाचण्याजोगंच होतं. बाहेर पडलेल्या एकाचं म्हणणं असं की, व्यवस्थापक आणि रेकॉर्ड कंपनी यांनी मिळून डाव रचला. एका बँडचे दोन झाले की कंपनीला दोन बँड मिळतात. कंपनीनं खरोखरच दोन्ही बँडशी करार ठेवला. कंपनीचा हिशेब चोख होता एवढं म्हणता येतं. मात्र ज्या नावावर तेव्हा कर्ज आणि आयोजकांच्या खटल्याची टांगती तलवार होती, ते स्वीकारणारा फायद्यात होता असं त्या ऑक्टोबरात कोणी म्हटलं नसतं. वाटणीत पडकं घर आणि त्यावरचं कर्ज एका भावाला मिळावं आणि वर्षभरात त्याच्या दारावरून हमरस्ता जावा, तसं ते झालं.

दौरा तर करायचाच होता. गायकाला वरच्या पट्टीत साथ देणारा एक बाईचा आवाज हवा होता. शेफील्डच्या ‘क्रेझी डेझी’ नाइटक्लबमध्ये त्याला नाचणाऱ्या दोन मैत्रिणी दिसल्या. दोघी शाळकरी, गाण्याचा वा नाचाचा पेशा नाही, आणि गंमत म्हणजे त्याच दौऱ्याच्या एका कार्यक्रमाची तिकिटं त्यांनी आधीच काढलेली. एकीला सोबत हवी म्हणून दोघींना घेतलं, आईवडिलांची परवानगी काढली. जुन्या चाहत्यांनी त्यांचं स्वागत प्रेमानं केलं असं नाही. पण त्या अजूनही बँडमध्ये आहेत. ‘सोबतीला घेतलेल्या पोरी’ हा शिक्का त्यांच्यावरून निघायला मात्र फार वर्षं गेली.

त्यानंतरचं एक वर्ष विलक्षण होतं. दोन नवे वादक आले. त्यातला एक मूळचा पंक गिटारवादक, त्याला गिटार खाली ठेवून सिंथेसायझर शिकावा लागला. निर्माता बर्कशायरमधल्या स्वतःच्या स्टुडिओत काम करणारा, यंत्रांचं व्यसन असलेला. लिन एलएम-१ हे ड्रम मशीन आणि रोलँडचा एमसी-८ सिक्वेन्सर, म्हणजे ठरवून दिलेले सूर आपोआप वाजवून घेणारं यंत्र, हे खरे साथीदार. ऑक्टोबर १९८१ मध्ये ‘डेअर’ आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्या एक टक्क्याची किंमत मूळ दोघांना तेव्हा कळली असेल.

‘डोन्ट यू वॉन्ट मी’ हे या अल्बममधलं शेवटचं गाणं, आणि ते शेवटी असण्याला कारण होतं. गायकाला ते भरतीचं वाटत होतं. अल्बममधून आधीच तीन सिंगल निघालेली, चौथ्याला लोक फसवणूक म्हणतील अशी त्याला धास्ती, म्हणून रेकॉर्डसोबत मोठं पोस्टर देण्याची अट त्यानं घातली. सिंगल काढायचंच, म्हणून कंपनी अडून बसली. नोव्हेंबरअखेर रेकॉर्ड आली, नाताळात पहिला क्रमांक, पाच आठवडे तिथेच. एकट्या ब्रिटनमध्ये पंधरा लाखांच्या वर प्रती. १९८२ च्या जुलैत अमेरिकेतही पहिला क्रमांक. एमटीव्हीला जेमतेम वर्ष होत होतं आणि तिला दाखवायला व्हिडिओ हवेच होते. हा तर सिनेमासारखा ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केलेला.

या गडबडीत नावाचा गुंता आणखी वाढला. जानेवारी १९८२ मध्ये ‘बीइंग बॉइल्ड’ पुन्हा बाजारात आलं आणि सहाव्या क्रमांकावर पोचलं. चार वर्षांपूर्वी न खपलेलं, बाहेर गेलेल्या दोघांचं संगीत असलेलं, आणि त्यात त्या मुलींचा स्वरही नाही. रेकॉर्डवर नाव एकच, आत बँड दोन. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेनं सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदीचा ठराव मांडला. ठराव पुढे सरकला नाही, पण पोटावर पाय येतोय ही भीती खोटी नव्हती.

उतरण इथूनच सुरू होते. १९८२ आणि १९८३ मध्ये दोन सिंगल दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, पण ‘डेअर’च्या पाठीवर यायचा अल्बम काही पुरा होईना. निर्माता वैतागून निघून गेला. ‘हिस्टेरिया’ आला १९८४ मध्ये, अडीच वर्षांनी, आणि त्यातल्या लेबनॉनवरच्या गाण्यात चक्क गिटार. या धंद्यात अडीच वर्षं म्हणजे एक पिढी. १९८६ मध्ये कंपनीनं त्यांना अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका यशस्वी निर्माता-जोडीकडे पाठवलं. त्या जोडीनं आपलीच गाणी पुढे केली, बँडची बरीच बाजूला पडली. ‘ह्यूमन’ हे त्या जोडीचंच गाणं अमेरिकेत पहिलं आलं. दुसऱ्यांदा शिखर, पण पाय दुसऱ्याचे. स्लाइडवाला त्यानंतर निघून गेला, वादकही पांगले. दशक संपताना गायक आणि त्या दोघी उरल्या. १९९० चा अल्बम पडला, कंपनीनं करार संपवला. १९९५ मध्ये नव्या कंपनीकडून ‘टेल मी व्हेन’ सहाव्या क्रमांकावर गेलं, तेव्हा ‘पुनरागमन’ हा शब्द वर्तमानपत्रांनी बराच वापरला. २००१ आणि २०११ च्या अल्बमांच्या वेळी तोही कोणी वापरला नाही.

बाहेर पडलेल्या दोघांनी ‘हेवन १७’ काढला. गायक तोच, जो १९७७ मध्ये मोकळा नव्हता. सुरुवातीला हे दोन्ही बँड शेफील्डच्या एकाच स्टुडिओत पाळीपाळीनं, एक दिवसा आणि एक रात्री, काम करत होते. १९८३ मध्ये ‘हेवन १७’चंही एक गाणं दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पुढे मूळ दोघांपैकी एकच त्या बँडमध्ये उरला. २०२१ मध्ये त्यानं शेफील्डमध्ये ‘ह्यूमन लीग’चे पहिले दोन अल्बम पूर्ण वाजवले, ‘हेवन १७’ या नावाखाली.