बोराज : पेल्यातलं फूल, ताटातली भाजी

पानओव्याच्या कुंडीवर हल्ली ‘इंडियन बोराज’ अशी पाटी दिसते. मग एखादा हौशी माणूस बोराजच्या निळ्या, चांदणीसारख्या फुलांची वाट बघत बसतो. ती येणार नाहीत. पानओवा तुळशीच्या कुळातला. त्याच्या जाड पानांची भजी करावीत आणि खूश व्हावं.

खरं बोराज भूमध्य सागराकाठचं. कमरेएवढं वाढणारं, एका हंगामात आटोपणारं रोप. अंगभर पांढरी खरखरीत लव आणि पानाला चक्क काकडीचा वास. कळी गुलाबी असते, उमलताना निळी होते. खायचं फूल तोडण्याची एक युक्ती आहे : मधला काळा सुळका चिमटीत धरून अलगद ओढायचा. निळी चांदणी सुटून हातात येते आणि घशाला टोचणारी केसाळ हिरवी दलं देठालाच राहतात. लिंबू किंवा व्हिनेगर लागलं की ही निळाई पुन्हा गुलाबीकडे झुकते.

बोराजची कीर्ती मात्र चवीमुळे झाली नाही. वाइनमध्ये टाकल्यावर मन प्रसन्न करणाऱ्या ‘बैलाच्या जिभे’सारख्या पानांबद्दल पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं. त्या नावाखाली तेव्हा बोराज आणि त्याचे भाऊबंद एकत्रच नांदत होते. गंमत म्हणजे युनानीतलं ‘गावजबान’ म्हणजेही गाईची जीभच. तीही याच गोतावळ्यातली वनस्पती, आणि तिचीही ख्याती मन उल्हसित करणारी. युरोपात पुढे ‘मी बोराज, सदा आनंद आणतो’ अशा अर्थाची लॅटिन ओळ रूढ झाली. 1597 साली इंग्लंडमध्ये जॉन जेरार्डने आपल्या वनस्पतीग्रंथात ती दिली आणि लोक मन रमावं म्हणून सॅलडमध्ये ही फुलं घालतात, अशी नोंदही केली. 1699 मध्ये जॉन एव्हलिनने सॅलडवरच्या पुस्तकात वाइनमधल्या बोराजच्या डहाळीची शिफारस केली, ती उदास माणसांसाठी आणि फार अभ्यास करणाऱ्यांसाठी. श्रेय मात्र वाइनला न जाता पानाला गेलं.

इंग्रजांनी त्याला पेल्यातच ठेवलं. 1861 च्या मिसेस बीटन यांच्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात क्लॅरेट कप या लाल वाइनच्या थंड पेयाच्या कृतीत वाइन, सोडा, बर्फ, साखर आणि जायफळासोबत बोराजची एक हिरवी डहाळी आहे. पिम्स या उन्हाळी पेयातही ती असायची. पुढे तिची जागा काकडीच्या चकत्यांनी घेतली. ज्याला काकडीची चव म्हणून घेतलं, त्याला काकडीनेच घालवलं! इंग्लंडमध्ये राहिलं ते बर्फाच्या खड्यात गोठवलेलं फूल.

माझ्या मते खरा मान दिला तो स्पेनमधल्या आरागॉनने, आणि तिथे आनंदाबिनंदाची भाषा नाही. सारागोसाच्या बाजारात ‘बोर्राखा’ ही हिवाळ्यातली साधी भाजी. खातात ते मुख्यतः देठ. आपण अळूचे देठ सोलतो तशीच ही खटपट : लव खरवडायची, बोटाएवढे तुकडे करायचे, बटाट्याबरोबर उकडायचे आणि वरून ऑलिव्ह तेल सोडायचं. कोवळी पानं पिठात बुडवून तळतात, वर साखर भुरभुरतात. त्याला ‘क्रेस्पियोस’ म्हणतात. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर हीच पानं रानभाज्यांबरोबर पान्सोती नावाच्या करंजीवजा पास्त्यात भरली जातात आणि वर अक्रोडाचा सॉस येतो. फ्रँकफर्टच्या हिरव्या सॉसमधल्या सात पाल्यांपैकी एक बोराजचा. त्या सॉसच्या पाल्याला 2016 मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं.

पानांत यकृताला घातक असलेली अल्कलॉइड्स अल्प प्रमाणात असतात, म्हणून रोज वाटीभर खाण्याचा हा पाला नव्हे. आज शेतात त्याची लागवड होते ती बरीचशी बियांसाठी. त्यांच्या तेलात गॅमा-लिनोलेनिक आम्ल हे मेदाम्ल साधारण 20 टक्क्यांहून जास्त असतं आणि ते कॅप्सूलमध्ये भरून विकलं जातं.

आपल्या स्वयंपाकघरात बोराजचा नातलग शोधायचाच, तर पानओव्याकडे न जाता लोणच्याच्या बरणीकडे जावं. भोकर परंपरेने याच कुळात धरलं जातं, नव्या वर्गीकरणात काही जणांनी त्याची चूल वेगळी मांडली असली तरी.