एकाच यार्डातले दोन फोर बाय फोर: एक नांगराचा, एक ट्रॉलीचा

पन्नास एचपीच्या वरचा जुना फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारा ट्रॅक्टर, घ्यायला निघालात, की धुळे-जळगावकडच्या कुठल्याही यार्डात एक पेच हमखास समोर येतो. एकाच मॉडेलचे, एकाच सालचे, मीटरवर जवळपास सारखेच तास असलेले दोन ट्रॅक्टर शेजारी-शेजारी उभे असतात. दोन्ही धुतलेले, टायरला काळं लावलेले. दोघांच्याही बाबतीत एकच उत्तर मिळतं, ‘घरचा आहे भाऊ, शेतीतच चाललाय.’ खरं तर त्यातला एक काळ्या रानात पलटी नांगर आणि रोटा ओढून आलेला असतो आणि दुसरा ट्रॉली ओढून. सवय नसेल तर पाहून फरक कळत नाही.

मागे आपल्या घरातली मोठी माणसं सांगायची, ट्रॉलीचा ट्रॅक्टर घेऊ नको, शेतातला घे. टू व्हील ड्राइव्हच्या काळात हा सल्ला बऱ्यापैकी बरोबर होता. फोर बाय फोरला तो जसाच्या तसा लावू नका, असं माझं ठाम मत आहे. या ट्रॅक्टरचा सगळ्यात महाग आणि सगळ्यात झाकलेला भाग म्हणजे पुढचा एक्सल. त्याच्या आतला क्राऊन-पिनियन (ताकद चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी), दोन्ही हबमधले, म्हणजे चाकाजवळचे गिअर, गिअरबॉक्सपासून पुढे येणारा मधला शाफ्ट आणि पुढच्या चाकांना ताकद देणारा गिअरबॉक्सचा भाग शेतातच सगळ्यात जास्त झिजतो. ट्रॉलीवाल्याने फोर व्हील लावायचा लिव्हर कधी ओढलाच नसेल, तर त्याचा पुढचा एक्सल जवळजवळ कोरा सापडू शकतो. आणि ओढून डांबरावर चालवला असेल, तर त्याच्याइतका वाईट सौदा नाही. म्हणून आधी दोघांना ओळखायचं, मग पुढच्या एक्सलला विचारायचं.

ओळख पटवायला मागून सुरुवात करा. ट्रॉलीच्या ट्रॅक्टरचा हुक बघा. पिन ज्या भोकात बसते ते भोक गोल न राहता लांबट झालेलं असतं आणि पिनेच्या अंगावर खाच पडलेली असते. नवा हुक बसवला असेल, तर त्याच्या आजूबाजूचे बोल्ट आणि पत्रा जुन्या ओढाताणीची खूण दाखवतातच. मागच्या टायरची नक्षी मधोमध गुळगुळीत आणि कडेला उंच राहिलेली दिसते. उलट अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या खालच्या दोन्ही हातांचे बॉल घट्ट असतात, कधीकधी त्यांच्यावर कंपनीचा रंगही शिल्लक असतो, आणि पीटीओचे, म्हणजे रोट्यासारखं अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचे, दाते बोटाला टोचतात. शेतातल्या ट्रॅक्टरचं नेमकं उलटं असतं. बॉल खडखडतात, पीटीओच्या दात्यांच्या एका बाजूला धार येते, लिफ्ट अवजार घेऊन उभी ठेवली तर हळूहळू खाली बसते. पलटी नांगर चाललेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची बाजू सरीच्या भिंतीला घासून खरवडलेली असते.

एक फसवणूक लक्षात ठेवा. बॉल आणि पिना बाजारात सहज मिळतात, म्हणून विकणारे त्या बदलतात. पीटीओचा शाफ्ट आणि हुकाची बैठक मात्र सहसा कुणी बदलत नाही. म्हणून या दोन जागांवर जास्त विश्वास ठेवा.

तासांच्या मीटरवर फार भरवसा नको. बऱ्याच जुन्या मेकॅनिकल मीटरचे आकडे इंजिनाच्या फेऱ्यांवर पुढे सरकतात. इंजिन हळू फिरलं तर प्रत्यक्ष तासापेक्षा कमी नोंद होते, आणि केबल तुटली तर काहीच होत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज आणि सीटखालचा पत्रा मीटरपेक्षा खरं बोलतात.

आता पुढचा एक्सल. इथे थोडा वेळ द्या.

पुढची चाकं लहान आणि मागची मोठी, तरी फोर व्हील लावल्यावर दोन्हींनी जवळजवळ एकाच वेगाने जमीन कापली पाहिजे. ५५ एचपीच्या आसपासच्या अनेक फोर बाय फोरला पुढे ९.५-२४ आणि मागे १६.९-२८ असे टायर असतात. गिअरचं प्रमाण असं ठेवलेलं असतं, की पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त धावावीत, साधारण १ ते ५ टक्के. मऊ रानात पुढची चाकं ओढत राहतात आणि हा थोडासा फरक माती पचवते. डांबर तो पचवत नाही. तिथे तोच फरक शाफ्ट, गिअर आणि टायरवर ताण होऊन बसतो. शहादा भागात ऊस किंवा रावेर-सावद्याकडे केळी वाहणारा ट्रॅक्टर लिव्हर लावून रोज डांबरावर चालला असेल, तर पुढचे टायर झपाट्याने संपतात आणि क्राऊन-पिनियनही हळूहळू खाल्ला जातो. तोरणमाळ किंवा चांदशैलीसारख्या घाटात भरलेली ट्रॉली उतरवताना लिव्हर लावणं वेगळं. तिथे पुढच्या चाकांचा ब्रेकला आधार मिळतो आणि तो योग्यच आहे.

हा हिशोब बिघडलाय का, ते पाहायला खडूचा एक तुकडा पुरतो. एका मागच्या आणि एका पुढच्या टायरवर खाली जमिनीला लागेल अशी रेघ मारा. घट्ट, सपाट जमिनीवर लिव्हर काढून लो गिअरमध्ये सरळ चालवायला सांगा आणि मागचं चाक बरोबर दहा वेळा फिरेपर्यंत पुढचं किती फिरलं ते मोजा. समजा १३.५ वेळा फिरलं. आता लिव्हर लावून तेच पुन्हा करा. समजा १३.९ आलं. फरक ०.४ म्हणजे सुमारे ३ टक्के, ठीक आहे. ५ टक्क्यांच्या बराच वर गेला, तर बहुतेक वेळा मागचे टायर झिजलेले आणि पुढचे नवे असतात, म्हणजे पुढचा एक्सल विनाकारण ओढत राहतो. फरक शून्याजवळ आला किंवा उलटा झाला, तर मागे नवे मोठे टायर आणि पुढे झिजलेले, आणि लिव्हर लावल्यावर पुढची चाकं मागच्यांना आडवी येतात. दोन्ही वेळा ट्रॅक्टर वाईट आहेच असं नाही, पण टायरच्या नव्या जोडीचे पैसे किमतीतून वजा झाले पाहिजेत. असाच फार काळ चालवलेला असेल, तर गिअरही तपासावे लागतील.

यानंतर ट्रॅक्टर बंद करून चाकांना दगड लावा, लिव्हर काढा आणि मधला शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे हलवा. थोडी मोकळीक सगळ्यांनाच असते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या ट्रॅक्टरशी तुलना केली की जास्त काय ते लगेच कळतं. मग लिव्हर लावून मऊ जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. कट-कट आवाज आला तर सांधे किंवा गिअर गेलेत.

मग पुढच्या डिफरेंशियलचा (एक्सलच्या मधला क्राऊन-पिनियनचा डबा) खालचा बोल्ट सोडून थोडं ऑइल एका डब्यात घ्या. विकणारा कुरकुर करेल, करू द्या. ऑइल दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय. बोल्टाच्या चुंबकावर काळा मऊ लेप चालतो, पण नखाएवढे चकचकीत तुकडे दिसले तर तिथून निघा. हीच तपासणी दोन्ही हबची करा. आपल्या भागात हबचं ऑइल आत धरणारं सील जाण्याची कारणं ठरलेली आहेत. केळीचं खोड रोट्याने कापताना त्याचा धागा हबभोवती गुंडाळला जातो आणि सीलमध्ये शिरतो. पऱ्हाटीच्या खुंटांनी पुढचे टायर आणि सांध्यांवरची रबरी कव्हरं फाटतात. गिरणा, तापी, पांझरेच्या पात्रात वाळू भरायला उतरलेल्या ट्रॅक्टरच्या हबमध्ये पाणी आणि वाळू दोन्ही जातं. नवापूरकडे भाताच्या चिखलणीत चाललेल्याचंही असंच होतं, म्हणून तिथून आलेला असेल तर हबपासूनच सुरुवात करा.

ट्रॉलीच्या ट्रॅक्टरला क्लच आणि ब्रेकचा खर्च जवळजवळ पक्का समजा. ऑइलमध्ये बुडालेल्या ब्रेकच्या प्लेटा बाहेरून दिसत नाहीत, म्हणून भरलेली ट्रॉली जोडूनच ब्रेक मारून बघा. घरातली पोरं हाच ट्रॅक्टर रस्त्याने नेणार आहेत, इथे पैसे वाचवू नका. पण हा खर्च आधी कळतो आणि मिस्त्री आकडा सांगू शकतो. पुढच्या एक्सलचा खर्च उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून दोघांपैकी एक निवडायचा झाला, तर पुढचा एक्सल निर्दोष असलेला ट्रॉलीचा ट्रॅक्टर, क्लच-ब्रेकचे पैसे वजा करून, मी आधी घेईन. शेतातला घ्यायचा तर लिफ्ट आणि पीटीओच्या झिजेने घाबरू नका, पुढचं ऑइल स्वच्छ असू द्या.

इंजिन दोघांचंही सारखंच बघायचं. गाडी थंड असताना स्वतः सुरू करा, आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. एवढं मात्र ध्यानात ठेवा, ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे, म्हणजे ट्रेम-४ चे नियम लागू झाले. त्यानंतर बनलेल्यांमध्ये बहुधा कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक ताब्यातली डिझेल सोडायची पद्धत) आणि सेन्सर आले, आधीच्यांना मेकॅनिकल पंप असतो. गावातल्या डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडून काम करून घ्यायचं असेल तर साल पाहून घ्या. किमतीचं बोलताना हेही विसरू नका, की २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. कुणी जुन्या भावाच्या हिशोबाने किंमत सांगत असेल तर नव्याचा आजचा भाव समोर ठेवा.

कागदात एमएच-१८, १९ किंवा ३९, म्हणजे धुळे, जळगाव किंवा नंदुरबारचा नंबर असेल तर काम सोपं. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. मध्य प्रदेश किंवा गुजरातचा असेल तर तिथल्या आरटीओचं नाहरकत प्रमाणपत्र हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. आणि ट्रॉलीचा ट्रॅक्टर वाळूवर चालला असण्याची शक्यता असेल, तर तहसील कार्यालयात त्याच्या नंबरवर दंड बाकी आहे का, ते इसार देण्याआधी विचारून घ्या.