नगररचनाकाराला माणसं सांभाळायला कुणी शिकवलं?

नगररचना विभागातल्या अधिकाऱ्यांसाठी नेतृत्व, वाटाघाटी, लोकसंवाद अशा विषयांची प्रशिक्षणं आता निघू लागली आहेत. नकाशे करणाऱ्याला हे कशाला, असं वाटणारे अजून बरेच आहेत. पण आपल्याकडे नगररचनेची सुरुवातच मुळी लोकांना राजी करण्यापासून झाली.

१९१५ साली मुंबई प्रांताने नगररचना कायदा केला. या विषयावरचा तो देशातला पहिला कायदा, आणि त्याचा गाभा म्हणजे टी.पी. (टाउन प्लॅनिंग) स्कीम. वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढून घ्यायच्या, उरलेले नीट आकाराचे प्लॉट मूळ मालकांना परत करायचे. कुणी किती द्यायचं-घ्यायचं ते लवादाने ठरवायचं. वांद्रे-सांताक्रूझच्या पत्त्यांत अजून ‘टीपीएस’ लिहितात ते त्यामुळेच. यात नकाशा हे निम्मं काम. शेजाऱ्याला कोपऱ्याचा प्लॉट गेला म्हणून फुगून बसलेल्या मालकाची समजूत काढणं हे उरलेलं निम्मं.

त्याच सुमारास स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानात फिरत होते. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्याआधी होळकरांच्या इंदुरात त्यांनी जे केलं ते आजच्या कुठल्याही प्रशिक्षणात दाखवावं असं आहे. शहरात प्लेगची दहशत होती आणि पाहणी करत हिंडणाऱ्या या परक्या माणसाकडे लोक संशयाने बघत. गेडिसनी दरबाराकडून एका दिवसाची महाराजकी मागून घेतली आणि जाहीर केलं, की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता ज्या भागात घरं सर्वांत जास्त झाडून-रंगवून ठेवली असतील त्या भागातून जाईल. लोक झाडू घेऊन कामाला लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा अवाढव्य उंदीर होता, आणि सफाई कामगार मानाने चालत होते. १९१८ चा त्यांचा इंदूर अहवाल अभ्यासक अजूनही वाचतात. मला मात्र तो उंदीर जास्त मोलाचा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर वारं फिरलं. १९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराचा विकास आराखडा करणं बंधनकारक केलं आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने त्याची चौकट पक्की केली. गुजरातने टी.पी. स्कीमचा हात सोडला नाही. आपण नकाशात रस्ता, शाळा, बाग यांसाठी जागेवर आरक्षण टाकायचं आणि मग ती जागा संपादन करायची, या वाटेला लागलो. लोकांशी गाठ पडायची ती १९६६ च्या कायद्यातल्या कलम २८ खाली हरकती ऐकायच्या सुनावणीत. सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन हरकतदार बाहेर बसून राहणार, नंबर लागला की घाईघाईत म्हणणं मांडणार. तोवर नकाशा छापून झालेला असतो आणि प्रत्येक जण विरोधक म्हणूनच आत येतो.

अधिकाऱ्याची जागाही अवघड. महापालिकेतला नगररचनेचा प्रमुख बहुतेक वेळा राज्याच्या विभागातून प्रतिनियुक्तीवर आलेला असतो. वर आयुक्त, समोर नगरसेवकांची सर्वसाधारण सभा, आणि बदली मंत्रालयाच्या हातात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हे काम पालिकांच्या यादीत आणलं खरं, पण हे त्रांगडं काही सुटलं नाही.

त्याची किंमत २०१५ मध्ये दिसली. मुंबईच्या नव्या आराखड्याच्या मसुद्यात इतक्या चुका निघाल्या, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्त करून नव्याने मांडायला लावला. त्याच वर्षी पुण्याचा आराखडा सरकारने महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपवला. दोन्हीकडे हरकतींचे ढीग पडले होते. माझ्या मते यातला बराच संताप सुरुवातीलाच वॉर्डावॉर्डांत बसून ऐकून घेतला असता तर टळला असता.

मनुष्यबळाचं तर विचारूच नका. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालानुसार राज्यांच्या नगररचना विभागांना १२,००० हून अधिक पदांची गरज आहे. मंजूर पदं ४,००० सुद्धा नाहीत आणि त्यातली निम्मी रिकामी. अशा खात्यात कामं वाटून देणं, मुदती सांभाळणं, सल्लागार कंपनीकडून आलेलं काम तपासून घेणं हेच रोजचं व्यवस्थापन होऊन बसतं. सर्वेक्षण बाहेरच्या एजन्सीने केलेलं असलं तरी चूक निघाल्यावर बोलणी खायला अधिकारीच उभा असतो.

आता टी.पी. स्कीम परत आली आहे. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात सिडको हे सरकारी महामंडळ जमीनमालकांना ४० टक्के जमीन विकसित प्लॉटच्या रूपात परत देते. कायद्याच्या नियमांत स्कीमचा मसुदा करण्याआधी मालकांची सभा घेणं आवश्यक आहे, आणि काही गावांचा विरोध कायम आहे. उरलेली ६० टक्के कुठे जाते, वाढीव एफएसआयचा (प्लॉटच्या प्रमाणात जास्त बांधकामाच्या परवानगीचा) आपल्याला उपयोग काय, हे शेतकरी सभेत विचारतात, आणि उत्तर द्यायला समोर नगररचनाकारच असतो.