एसीए सी कयाकिंग (समुद्रातलं कयाकिंग) सर्टिफिकेशन: बे एरियातल्या मराठी मंडळींचं घोडं नेमकं कुठे अडतं

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण दर उन्हाळ्यात "लायसन लागतं का" हाच प्रश्न पहिला येतो. सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये स्वतःपुरतं कयाकिंग करायला कुठलंही लायसन लागत नाही. ते कॅलिफोर्निया बोटर कार्ड, जे १ जानेवारी २०२५ पासून सगळ्या वयाच्या लोकांना कंपल्सरी झालं, ते मोटरच्या बोटी चालवणाऱ्यांसाठी आहे. वल्हं मारणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध नाही, तरी लोक त्याची परीक्षा देऊन, पैसे भरून मोकळे होतात आणि मग विचारतात की आता पुढची लेव्हल कुठली. लाइफ जॅकेट मात्र माणशी एक, कोस्ट गार्डने मान्य केलेलं, होडीत असलंच पाहिजे, आणि १३ वर्षांखालच्या पोरांच्या ते अंगात पाहिजे.

एसीए म्हणजे अमेरिकन कनू असोसिएशन, १८८० सालची संस्था. सरकारी नाही, पण क्लब आणि टूर कंपन्या कागद मागतात तेव्हा बऱ्याचदा हाच मागतात.

आता पहिला घोळ. एसीएकडे तीन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि लोक तिन्हीला सरसकट "सर्टिफिकेशन" म्हणतात. एक, स्किल्स असेसमेंट: तुम्हाला स्वतःला किती येतं एवढंच ते सांगतं. दोन, ट्रिप लीडर असेसमेंट: ग्रुप घेऊन जाता येतो का ते बघतात. तीन, इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेशन: शिकवायचं असेल तर. पहिलं घेऊन कोणी शिकवायला गेलं तर ते चालत नाही, आणि दुसरं असलं तरीही चालत नाही. वेबसाइटवर ही नावं एकाखाली एक दिसतात, तारीख सोयीची दिसली की माणूस क्लिक करतो, पैसे भरतो, आणि पोचल्यावर कळतं की आपण भलत्याच वर्गात बसलोय. रजिस्टर करायच्या आधी परीक्षा घेणाऱ्याला सरळ ईमेल करून विचारा, यातून मला नक्की काय मिळणार. लाज वाटायचं काही कारण नाही.

लेव्हल्स पाच. पहिली दोन शांत पाण्याच्या, काठाजवळच्या. तिसरी कोस्टल कयाकिंग, म्हणजे १५ नॉटपर्यंत वारा आणि २ नॉटपर्यंत प्रवाह (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) अशा पाण्यात तुम्ही काय करता ते. चौथी-पाचवी उघड्या समुद्राची. आपल्यातले बहुतेक थेट तिसरीला जातात, कारण दुसरी "बिगिनर" वाटते. जिमला जाता म्हणून पाणी तुम्हाला ओळखत नाही, एवढंच म्हणेन.

कागदपत्रं. एसीए मेंबरशिप चालू पाहिजे, वेव्हर (धोका माहीत आहे, जबाबदारी माझी, असं लिहून देणारा कागद) सही केलेलं पाहिजे, हे दहा मिनिटांचं काम. इन्स्ट्रक्टरसाठी वय १८ पूर्ण, वर एसईआयसी (एसीएची सुरक्षा आणि शिक्षण बघणारी समिती) नावाची वेगळी रजिस्ट्रेशन फी, आणि फर्स्ट एड व सीपीआर. इथेच गाडी अडते. ऑनलाइन व्हिडिओ बघून वीस मिनिटांत पीडीएफ देणाऱ्या साइट्स ढिगाने आहेत, स्वस्तही आहेत, पण त्यात पुतळ्याच्या छातीवर हात ठेवलेलाच नसतो. थिअरी ऑनलाइन केलीत तरी प्रॅक्टिकल समोरासमोर झालेला कोर्स घ्या. आणि रेड क्रॉस किंवा हार्ट असोसिएशनचं सीपीआर कार्ड दोन वर्षं चालतं. पोरगं झालं तेव्हा हॉस्पिटलात काढलेलं कार्ड आणि पोरगं आता किंडरगार्टनला, असं असेल तर परत करा. वीकेंडच्या बॅच भरलेल्या असतात, आदल्या आठवड्यात शोधू नका.

मग चार्ट. सामानाच्या यादीत "नॉटिकल चार्ट" असतं आणि लोक जुना १८६४९ नंबरचा कागदी चार्ट शोधत फिरतात. नोआने (समुद्र आणि हवामान बघणारं अमेरिकन सरकारी खातं) पारंपरिक कागदी चार्ट बंद केलेत, दुकानात दिसतो तो जुना स्टॉक. नोआच्या साइटवर कस्टम चार्ट म्हणून सोय आहे, हवा तो भाग निवडून पीडीएफ काढायची, प्रिंट करून वॉटरप्रूफ पाकिटात घालायची. फोनवरचा नकाशा दाखवून भागवू नका. ओल्या बोटांनी फोन चालत नाही हे परीक्षकाला तुमच्या आधीपासून माहिती आहे. आणि होकायंत्राची सुई इथे खऱ्या उत्तरेच्या साधारण १३ अंश पूर्वेला असते, म्हणजे चार्टवरच्या खऱ्या दिशेतून १३ वजा करायचे. हे उलटं करणारे दर बॅचला एक-दोन निघतातच.

पण सगळ्यात जास्त लोक पडतात ते भरती-ओहोटीच्या वाचनात, आणि कोकणातले तर हमखास, कारण त्यांना वाटतं हे आपल्याला लहानपणापासून येतंय. टाइड टेबल पाण्याची उंची सांगतं, करंट टेबल पाणी कुठे आणि किती जोरात वाहतंय ते. दोन्ही वेगळी. भरती पूर्ण झाली म्हणजे पाणी थांबलं असं गोल्डन गेटला, म्हणजे बेच्या तोंडाशी, होत नाही, उंची सगळ्यात जास्त असते तेव्हाही खाली पाणी आत वाहत असतं आणि थांबतं नंतर. तिथे प्रवाह ४ नॉटच्या वर जातो, साधारण माणूस वल्हवतो ३ नॉटने, म्हणजे चुकीच्या वेळी पुलाखाली असाल तर तोंड शहराकडे आणि प्रवास पॅसिफिककडे. ट्रिप प्लॅनमध्ये करंट टेबलची वेळ लिहा. आणि टेबल स्टँडर्ड टाइममध्ये आहे की डेलाइट सेव्हिंग धरून, ते वर कोपऱ्यात छोट्या अक्षरात असतं ते बघा. एका तासाने चुकलेला प्लॅन परीक्षक पहिल्या मिनिटात पकडतो. उन्हाळ्यात दुपारनंतर गेटमधून वारा घुसतो हेही प्लॅनमध्ये दिसलं पाहिजे, सकाळचं गुळगुळीत पाणी बघून परतीची वेळ चार टाकू नका.

प्रत्यक्ष पाण्यात स्ट्रोक, ब्रेस (उलटताना वल्ह्याने सावरणं), एजिंग (होडी एका कुशीवर कलती ठेवणं), टोइंग (दुसरी होडी दोरीने ओढणं), रेस्क्यू. बरेच जण वर्षभर रोलच्या (उलटलेली होडी आत बसूनच सरळ करणं) मागे लागतात आणि रेस्क्यू कच्चे राहतात. टी-रेस्क्यूमध्ये (दोन होड्या इंग्रजी टीसारख्या धरून पाण्यात पडलेल्याला परत बसवणं) परीक्षकाची नजर तुमच्या हातावर असते: पाण्यात पडलेल्याने होडी सोडली का, वल्हं सोडलं का. १५ नॉट वाऱ्यात रिकामी होडी माणसाच्या पोहण्यापेक्षा जोरात पळते, तीन सेकंद हात सुटला की होडी गेली. वाचवणाऱ्याने ओरडून सांगायचं असतं, होडी धर, पुढे ये, पाय वर घे. आपली माणसं तिथे "प्लीज, इफ यू डोंट माइंड" करत बसतात. ओरडा, कोणाला राग येत नाही. आणि वेटसूट किंवा ड्रायसूट घाला, पाणी ५० ते ६० फॅरनहाइट असतं, कुडकुडणाऱ्याची बोटं बकल लावू शकत नाहीत.

इन्स्ट्रक्टरवाल्यांना शिवाय धडा घेऊन दाखवावा लागतो. छोटा ठेवा, स्लाइड्स कोणी मागितलेल्या नाहीत.

निकाल फक्त पास-नापास नसतो. खालच्या लेव्हलवर पास करू शकतात, किंवा "कंटिन्यूड" देतात, म्हणजे अमुक गोष्ट सुधारून परत दाखवा. याला नापास समजून लोक गप्प बसतात आणि मुदत निघून जाते. काय सुधारायचं आणि कधीपर्यंत, हे त्याच दिवशी परीक्षकाकडून लिहून घ्या. पास झालात तरी परीक्षक रिपोर्ट भरतो आणि तुमची फी जमा असते तेव्हाच कार्ड दिसतं. दोन आठवडे काही दिसलं नाही तर मेल टाका, वाट बघण्यात काही पुण्य नाही.

इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेशन चार वर्षांचं, हे वाचून माणूस चार वर्षं निवांत होतो. मेंबरशिप आणि एसईआयसी फी दरवर्षी भरायची असते. शिवाय त्या काळात किमान दोन कोर्स शिकवून रिपोर्ट केलेले पाहिजेत आणि एक अपडेट (उजळणीचा वर्ग) केलेला पाहिजे. मित्रांना शिकवलं पण रिपोर्ट केलं नाही, ते धरत नाहीत. हा नियम मला जरा जाचक वाटतो, पण आहे तो असा आहे.

व्हिसाचं नीट वाचा. एच-१बी वर असाल तर ज्या कंपनीने पिटिशन भरलंय तिच्याशिवाय दुसरीकडे पैसे घेऊन शिकवणं म्हणजे बेकायदा नोकरी, मग ते शनिवारचे दोन तास का असेनात. एच-४ (एच-१बी वाल्याच्या नवरा-बायकोचा व्हिसा) ला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, असेल तर गोष्ट वेगळी. स्टुडंट व्हिसावाल्यांनी तर आधी वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलर घेऊ नये, टिपसुद्धा नाही.

आणि हे कार्ड घेऊन मालवणला धंदा टाकता येईल का, तर नाही. तिथे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे जावं लागतं, एसीएचं कार्ड फारतर तुम्हाला काम येतं एवढं सांगेल. जायचंच असेल चौकशीला तर डिसेंबरच्या सुट्टीत जा, इथल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत तिकडे पावसाळा असतो आणि वॉटर स्पोर्ट्स बंद.