छापा वेगळा, चोरपावलं वेगळी

गेल्या पावसाळ्यात आमच्या टेबलावर चार नवे खेळाडू आले. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम, सगळी पात्रं पहिल्या लेव्हलची, म्हणजे अगदी नवखी. गोष्ट आणि पहारेकरी चालवणारा डीएम (डंजन मास्टर) मी. मिठाच्या व्यापाऱ्याच्या गोदामातून हिशेबाची वही आणायची, एवढंच काम. दीड तास दबकत दबकत मंडळी मागच्या दारापाशी पोचली आणि तिथे रोगने (आजार नव्हे, चोरट्या पात्राचा वर्ग) पाठमोऱ्या पहारेकऱ्यावर बाण सोडला. बाण लागला. पहारेकरी मेला नाही, बोंबलला. थोड्याच वेळात दोन पात्रं आडवी झाली होती आणि एकजण मला विचारत होता, "अरे, आजचं स्टेल्थचं होतं ना?"

चूक माझी होती. गोदाम मी चोरपावलांसाठी (स्टेल्थ, म्हणजे कोणाला न कळता जाऊन येणं) रचलं होतं आणि खेळवत होतो छापा.

दोन्हींत अंधार असतो, पहारा असतो, कुजबुज असते, म्हणून गल्लत होते. पण छाप्यात शांतता पहिल्या वारापर्यंतच पुरवायची असते. चोरपावलांच्या मोहिमेत ती बाहेर पडेपर्यंत पुरवावी लागते. आपल्याकडच्या खेळाडूंना मी सरळ १६६३चा लालमहाल आणि १६६६चं आग्रा आठवायला सांगतो. लालमहालात एकदा आत शिरल्यावर खानाला कळू नये असं काही उरलं नव्हतं. आग्र्यात पहाऱ्याला कळलं तेव्हा महाराज लांब निघून गेले होते.

आता पहिल्या लेव्हलला छाप्याचं गणित बघा. रोगची डेक्स्टेरिटी (चपळाई) १६, म्हणजे +३. शॉर्टबोचा (छोट्या धनुष्याचा) एक डी६, म्हणजे सहा बाजूंचा फासा, वर चपळाईचे ३, स्नीक अटॅकचा (संधी साधून केलेल्या वाराचा) आणखी एक डी६: सरासरी इजा १०. नियमपुस्तकातल्या साध्या पहारेकऱ्याचे हिट पॉइंट (एवढी इजा झाली की तो पडतो) ११, एसी (वार लागायला वीस बाजूंच्या फाशावर बोनस धरून गाठायचा आकडा) १६. लपून मारल्याचा अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) आणि क्रिटिकलसुद्धा (२० पडला की इजेचे फासे दुप्पट) धरला, तरी तो एका बाणात दहातून चारदाही पडत नाही. चौघांनी मिळून एकाच फेरीत एकावर तुटून पडलं तर गोष्ट निराळी. गाफील शत्रूची पहिली पाळी वाया जाते, तेवढ्यात काम उरकता येतं. म्हणजे छापा रचायचा तर शत्रू एक-दोनच ठेवा आणि घंटा लांब टांगा. छाप्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. २०२४च्या नियमांत तर ती पाळीही जात नाही, गाफील माणसाला फक्त इनिशिएटिव्हचा (कोणाची पाळी आधी हे ठरवणारा) फासा डिसअ‍ॅडव्हान्टेजने (दोन टाकून लहान आकडा घेत) टाकावा लागतो.

चोरपावलांचं गणित जास्त फसवं आहे. त्याच पहारेकऱ्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकताही त्याची नजर-कान जेवढं टिपतात तो आकडा) १२. वीस बाजूंच्या फाशात मिळवायचं रोगचं स्टेल्थ +७, विझार्डचं (जादूगाराचं) +२, क्लेरिकचं (पुजाऱ्याचं) शून्य, आणि फायटरचंही (लढवय्याचंही) शून्यच, पण अंगावर चेन मेल (कड्यांचं जड चिलखत), म्हणून दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा. बरोबरी खेळाडूंच्या बाजूने धरू. चौघांनी वेगवेगळं यशस्वी व्हायचं ठरवलं तर सगळे सुटण्याची शक्यता शंभरात ४. चार! नवा डीएम "सगळ्यांनी स्टेल्थ टाका" म्हणतो, कोणीतरी हमखास धडपडतं, आणि मग सगळ्यांचं मत होतं की या खेळात लपणं जमतच नाही.

हेच ग्रुप चेक म्हणून टाकलं, म्हणजे निम्मे यशस्वी झाले की सगळे निभावले, तर ४चे थेट ७१ होतात. रोगने फायटरला योग्य क्षणी खाली दाबलं, असं त्याचं चित्र. मात्र कुंपणाशी एकदा, अंगणात एकदा, दाराशी एकदा असा तीनदा मागितलात तर ते ७१ घसरून ३६वर येतात. म्हणून एका टप्प्याला एकच फासा. परिस्थिती बदलेपर्यंत तोच आकडा चालवायचा. मी तो कागदावर लिहून सगळ्यांना दिसेल असा ठेवतो.

छाप्याला नकाशा पुरतो. चोरपावलांना मात्र वेळापत्रक लागतं: कोण कधी कुठे असतो आणि त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं. त्या गोदामाचं मी दुसऱ्यांदा लिहिलं ते असं. दोन पहारेकरी, एक दारात बसून, दुसरा कंदील घेऊन फेऱ्या मारणारा. कंदिलाचा लख्ख उजेड ३० फूट, पुढे ३० फूट अंधुक. अंधुक उजेडात नजरेच्या पर्सेप्शनला डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे १२चे ७ होतात. +७वाल्या रोगला तिथे फासा टाकायचीही गरज नाही. खेळाडूंना हे एकदा उमगलं की ते तलवारीऐवजी कंदिलाकडे बघायला लागतात, आणि मला नेमकं तेच हवं असतं. त्या कंदिलातलं तेल कुठून येतं, हा प्रश्न विझार्डने विचारला तेव्हा मला उठून नाचावंसं वाटलं.

मग कुत्रा. मॅस्टिफचं पॅसिव्ह १३, आणि वास-आवाजाला अ‍ॅडव्हान्टेज असल्यामुळे १८. पहिल्या लेव्हलच्या पात्रांनी त्याच्यासमोर फासे टाकत बसू नये. त्याला हाडूक टाकावं, वाऱ्याची दिशा बघावी, नाहीतर शेजारच्या अंगणात मांजर सोडावं. असा एक तरी पहारा ठेवाच, जो आकड्यांनी हरत नाही आणि डोकं लावलं की हरतो.

पकडलं जाणं हे दिव्याच्या बटणासारखं ठेवू नका. माझ्याकडे तीन पायऱ्या असतात: "कोण आहे रे तिकडे?", मग शोधाशोध, मग घंटा. ब्लेड्स इन द डार्क या खेळात यासाठी वर्तुळाचे चार, सहा किंवा आठ भाग करून एकेक रंगवत जातात. ती युक्ती कुठल्याही टेबलावर चालते. छाप्यात यातलं काहीच लागत नाही, तिथे घंटा वाजणार हे धरूनच चाललेलं असतं.

आता माझी खरी चूक. दुसऱ्या लेव्हलला ३०० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात आणि एक पहारेकरी मारला की २५ मिळतात. चौघांचे मिळून १२००, म्हणजे ४८ पहारेकरी. एक्सपी फक्त मारल्याचे देत असाल तर तुम्ही तोंडाने चोरपावलं म्हणा नाहीतर आणखी काही, खेळाडू बाण सोडणारच. त्यांचं गणित तुमच्यापेक्षा पक्कं असतं. दुसऱ्या वेळी मी आधीच सांगून टाकलं, की ज्याच्या नजरेआडून गेलात त्याचेही २५च.

फायटरचा प्रश्न उरला होता. छाप्यात तोच राजा, आणि इथे त्याचं स्वतःचं यश शंभरात २०. चेन मेल उतरवली तर ते ४५ होतं. पण उतरवायला ५ मिनिटं, चढवायला १०, आणि मधल्या वेळात एसी १६ची १०. आमच्या फायटरने चिलखत झुडपात लपवलं, कुंपणाबाहेर बसून राहिला आणि सबंध वेळ कुत्र्याला सुकं मटण भरवत होता. वही घेऊन बाकीचे परत आले तेव्हा तो नाव ठरवत होता. कुत्रा अजून पार्टीत (पात्रांच्या टोळीत) आहे. त्याचं कॅरेक्टर शीट मलाच भरावं लागलं.