फ्रेडीच्या आधीचा विली

स्वप्नांत शिरून मारणारा, हॉलिवूडच्या भयपटांतला फ्रेडी क्रूगर म्हटलं की जळालेला चेहरा, लाल-हिरव्या पट्ट्यांचा स्वेटर आणि पात्यांचा हातमोजा डोळ्यांपुढे येतो. त्या चेहऱ्यामागचा नट रॉबर्ट एंग्लंड अमेरिकेत घराघरांत पोचला तो मात्र एका भोळ्या परग्रहवासीयामुळे.

एंग्लंडचा जन्म १९४७ चा, कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलचा. नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेला हा माणूस सत्तरच्या दशकात सिनेमांत छोट्या-मोठ्या भूमिका करत होता. १९८३ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर ‘व्ही’ ही मालिका आली. त्यात माणसाच्या कातडीखाली सरपटणारे प्राणी असलेले परग्रहवासी पृथ्वीवर उतरतात. त्यांच्यातला विली तेवढा मनानं चांगला. त्याला अरबी शिकवून ठेवलेली आणि पाठवलं लॉस एंजेलिसला, त्यामुळे त्याचं इंग्रजी सतत अडखळतं. हा विली लोकांना फार आवडला.

त्याच सुमारास दिग्दर्शक वेस क्रेव्हन एका भयपटाची जुळवाजुळव करत होते. आग्नेय आशियातून अमेरिकेत आलेले काही निर्वासित झोपेतच दगावल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या आणि कथेची ठिणगी तिथे पडली. एंग्लंड भेटायला गेला तो केस तेल लावून मागे चोपून, डोळ्यांखाली सिगारेटची राख फासून. फ्रेडीची भूमिका मिळाली. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ नोव्हेंबर १९८४ मध्ये लागला आणि न्यू लाइन या छोट्या कंपनीचं नशीब उघडलं. पुढे हॉलिवूडमध्ये तिला ‘फ्रेडीनं बांधलेलं घर’ म्हणू लागले.

मेकअपच्या खुर्चीतली एक गोष्ट एंग्लंडनं अनेकदा सांगितली आहे. मेकअप करणारे डेव्हिड मिलर त्याच्या तोंडावर रबराचे तुकडे चिकटवत तासन्‌तास खपायचे. समोरच्या आरशात सिनेमाची नायिका हेदर लँगेनकँप आणि पहिलाच सिनेमा करणारा जॉनी डेप ही कोवळी, देखणी मुलं दिसायची. त्यांचा मेकअप चुटकीसरशी उरकायचा. एंग्लंडला त्यांचा हेवा वाटला, आणि तोच त्यानं फ्रेडीत ओतला: तारुण्यावरचा राग. मला तर त्याचं सगळं मोठेपण इथेच दिसतं. हातमोज्याच्या वजनानं एक खांदा खाली यायचा. तो सावरायच्या भानगडीत न पडता त्यानं तीच फ्रेडीची उभं राहायची ढब केली. मुखवटा कुणालाही चढवता येतो, ही ढब कुठून आणणार? दुसऱ्या भागाच्या वेळी निर्मात्यांनी खर्च वाचवायला दुसऱ्याच माणसाला मुखवटा घालून उभं केलं. ते जमेना, तेव्हा एंग्लंडला परत बोलवावं लागलं.

२००३ पर्यंत आठ सिनेमांत तो फ्रेडी झाला. टीव्हीवर १९८८ ते १९९० ‘फ्रेडीज नाइटमेअर्स’ चाललं. त्यात फ्रेडीच सूत्रधार होता. या कथेची सावली आपल्याकडेही पडली. रामसे बंधूंच्या ‘महाकाल’मध्ये तसाच पात्यांचा पंजा आहे आणि नायिका आहे आपली अर्चना जोगळेकर.

२०२२ मध्ये नेटफ्लिक्सवरच्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेच्या चौथ्या पर्वात तो व्हिक्टर क्रील म्हणून आला. बायको-मुलीच्या खुनाचा ठपका घेऊन वेड्यांच्या इस्पितळात खितपत पडलेला, स्वतःचे डोळे फोडून घेतलेला म्हातारा. चेहरा पुन्हा मेकअपखाली गेलेला, नटाची सगळ्यात मोठी ठेव असलेले डोळेही नाहीत. त्या रात्री घरात काय घडलं ते तो कोठडीत बसून दोन पोरींना सांगतो, नुसत्या आवाजावर.