शंकास्पद नोंदी

संगणकाने अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्राचे आकडे फेकून दिले, म्हणून 'नासा'ला त्याचा पत्ता लागला नाही, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे.

१९७८ साली सोडलेला निम्बस-७ हा उपग्रह जगभरातला ओझोन मोजत होता. नोंदींचा ढीग इतका, की चाळणी लावणं भागच होतं. आकडा १८० डॉब्सन एककांच्या (ओझोन मोजण्याचं माप) खाली गेला की संगणक त्यावर 'शंकास्पद' असा शिक्का मारी. तो पुसत मात्र नसे. १८० का? तर इतका कमी ओझोन तोवर कुणी पाहिलाच नव्हता. म्हणजे आकड्यांचा अर्थ संगणकाने नव्हे, माणसांनीच लावलेला होता, फक्त तो शिळा झाला होता. आज कार्यालयांत पडद्यावर कामाचे आकडे दाखवणाऱ्या डॅशबोर्डचंही तेच. दिवा लाल कधी व्हावा हे कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं. तो माणूस बदलून गेला तरी दिवा त्याच्याच मताने चालतो.

१९८४ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की आदल्या ऑक्टोबरातले शिक्के अंटार्क्टिकावर दाटलेत. त्यांनी रीतसर पडताळणी केली. दक्षिण ध्रुवावरचं केंद्र त्याच दिवसांत सुमारे ३०० एकक दाखवत होतं. आता विश्वास कुणावर ठेवायचा? चूक ध्रुवावरच्या आकड्यांत होती, पण ते कळेपर्यंत वेळ गेला.

इकडे ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या संशोधन संस्थेचे जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांच्याकडे अंटार्क्टिकावरच्या हॅली बे केंद्रातल्या १९५७ पासूनच्या नोंदी होत्या. पूर्वी ऑक्टोबरात ३००च्या आसपास असणारा ओझोन २००च्या घरात आला होता. शंका फार्मन यांनाही आली, तीही स्वतःच्याच जुन्या उपकरणाची. मग नवं उपकरण आणलं. त्यानेही तेच सांगितलं. उत्तरेकडच्या दुसऱ्या ब्रिटिश केंद्रावरही घट दिसली, थोडी कमी. मे १९८५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्यांचा निबंध आला.

माझ्या मते फरक हुशारीचा नव्हता. हॅलीचे आकडे वर्षानुवर्षं त्याच माणसांच्या हाताखालून जात होते. नेहमीचं काय आणि वेगळं काय, हे सांगायला त्यांना चाळणी लागत नव्हती. पण एका केंद्रावरून छिद्राचा पसारा कळणार कसा? तो नासाने शिक्का मारून जपलेल्या नोंदी पुन्हा उघडल्यावर दिसला: जवळपास अख्ख्या अंटार्क्टिकाएवढा.